स्ट्राँग, रोबस्ट, टफ, स्टर्डी : सगळ्यांचा अर्थ 'मजबूत' कसा?

मांजराकाठ | रविवार, सकाळी १०:०५

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी शब्दांच्या शंका घेऊन घरी येतात. त्यांच्याजवळच्या झेरॉक्स नोट्समध्ये एक ओळ हमखास असते : स्ट्राँग, स्टर्डी, रोबस्ट, टफ, स्टाउट, व्हिगरस, पॉवरफुल. पुढं बरोबरचं चिन्ह आणि एकच शब्द, मजबूत. मग एखादी मुलगी कडक चहाला 'पॉवरफुल टी' लिहिते. एखादा मुलगा आईच्या खंबीरपणावर सुंदर परिच्छेद लिहितो आणि शेवटी तिला 'स्टाउट' म्हणतो, म्हणजे वाचणाऱ्याला आई अंगानं जाड आहे एवढंच कळतं. पोरांनी पाठ केलेलंच लिहिलंय. खोट त्या ओळीत आहे.

माझं म्हणणं असं, की हे शब्द एकमेकांचे समानार्थी नाहीतच. प्रत्येकाचं बळ वेगळ्या जातीचं आहे आणि ते कुठल्या जातीचं, हे बऱ्याचदा शब्दाच्या जन्मात दिसतं.

'स्ट्राँग' घ्या. याचा सख्खा भाऊ 'स्ट्रिंग', म्हणजे दोरी, तार. मूळ कल्पना ताणून आवळल्याची. जर्मनमध्ये याच शब्दाचं रूप 'श्ट्रेंग' आहे आणि त्याचा अर्थ कडक, शिस्तीचा. लॅटिनमधलं 'स्त्रिंगेरे', म्हणजे आवळणे, हेही याच कुळातलं मानतात. त्यातून 'स्ट्रिक्ट' आला, 'स्ट्रेस' आला आणि 'डिस्ट्रिक्ट'सुद्धा आला. मध्ययुगात ज्या टापूत सरदाराला लोकांना अडवायचा, माल जप्त करायचा हक्क असे, तो टापू म्हणजे डिस्ट्रिक्ट. आता आपला 'मजबूत' बघा. शब्द अरबी आहे. ज्या धातूतून तो निघाला त्याच धातूतून 'जप्त' आणि 'जप्ती' निघाले. धरून ठेवणे, ताब्यात ठेवणे हा त्या धातूचा अर्थ. एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांनी पकड आणि बळ एकाच जागी पाहिलं. हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा पुढं सरकून ऐकत होती.

'रोबस्ट'चं कूळ वेगळं. लॅटिनमध्ये 'रोबुर' म्हणजे ओकचं झाड आणि त्याचं टणक लाकूड. ओकच्या एका जातीचं शास्त्रीय नाव आजही 'क्वर्कस रोबर' आहे. 'रोबुर'चं नातं लाल रंगाशी जोडतात, कारण खोडाच्या आतला गाभा लालसर. म्हणजे आपला 'रुधिर' त्याच घरचा. मराठवाड्यात ओक नाही, पण जुनी बाभूळ कापली की आत तांबूस गाभा निघतो, आणि बैलगाडीच्या चाकाला, नांगराला तोच लागतो. त्यामुळं आपल्या पोरांना 'रोबस्ट' समजायला ओक दाखवायची गरज पडत नाही. बाहेरून साल गेली, फांद्या गेल्या, तरी आतून टिकणारं ते रोबस्ट. म्हणून तब्येत रोबस्ट असते, पुरावा रोबस्ट असतो, एखादी व्यवस्था रोबस्ट असते. साक्षीला दुजोरा देणे याला 'कॉरोबोरेट' म्हणतात, त्यातही हाच 'रोबुर' आहे.

आणि 'स्टाउट'? आधी गर्विष्ठ, मग शूर, मग दणकट, आणि शेवटी जाडजूड. जर्मनमधला त्याचा भाऊ 'श्टोल्झ' मात्र अजून अभिमानीच राहिलाय.

तुम्हाला माहीत असलेले शब्द सांगा. नुसता उच्चार जुळतो म्हणून नातं जोडू नका, एवढीच विनंती.

लाल माती | सकाळी १०:४८

ताई, लई भारी विषय काढलात. आम्ही तालमीतली माणसं, त्यामुळं आधी 'मसल'वर बोलतो. पोरगं दंड फुगवून दाखवायलं की आपण म्हणतो बेटकुळी काढली. बेटकुळी म्हणजे बेडकी. कातडीखाली बारकी बेडकी सरकल्यावाणी दिसतं म्हणून ते नाव. इंग्रजीचं बी तसंच हाय. लॅटिनमध्ये 'मुस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे बारका उंदीर. त्याचाच 'मसल' झाला. ग्रीक लोक बी उंदराला आणि स्नायूला एकच शब्द वापरायचे. त्यांना दंडात उंदीर दिसला, आपल्याला बेडकी दिसली. आपला मूषक अन् त्यांचा मुस एकाच घरातले.

दुसरं सांगायचं म्हणजे, तालमीत कुणी 'मजबूत' हा एकच शब्द घेऊन बसत नाही. जोर येगळा, दम येगळा, रग येगळी, कस येगळा. जोर पहिल्या पकडीत कळतो. कुस्ती लांबली की दम कळतो, कारण दम म्हणजे श्वास, फारसी शब्द. नुसत्या जोराचा गडी पाच मिनिटांनी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागतो, मग समोरचा काटक पोरगा त्याला आरामात चीत करतो. रग म्हणजे अंगातली मस्ती, ती जिरवावी लागते. कस माणसाचा बी असतो अन् जमिनीचा बी. माळेगावच्या जत्रेत कुस्त्या बघायला बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐका, प्रत्येक गड्याबद्दल येगळा शब्द वापरतेत, अन् तो बराबर बसतो.

'तालीम' हा शब्द बी अरबी, अर्थ शिक्षण. 'वस्ताद' फारसीतून आला. 'पैलवान' बी फारसी, अन् त्याचं मूळ 'पह्लव' म्हणजे पार्थियन लोकांच्या नावात हाय.

गोदातीर | सकाळी ११:१५

वाचनखूण साठवली. 'मसल'मधला मुका 'सी' पोरांना फार छळतो. 'मस्क्युलर' म्हणताना तो बोलतो हे दाखवलं की स्पेलिंग पुन्हा चुकत नाही. आणि नदीतल्या शिंपल्याला इंग्रजीत जो 'मसल' म्हणतात, स्पेलिंग वेगळं असलं तरी तोही याच 'मुस्कुलुस'चा.

खरीप-रब्बी | दुपारी १:३०

जेवण करून निवांत वाचायलोय. ताईंनी उच्चारावरून नातं जोडू नका म्हणलं, तरी इचारतो. बळ, बैल अन् इंग्रजी 'बुल' हे एकाच मुळातले कामून नसतील? बैलाइतकं बळ कुणाचं? अन् दुसरं, आपण पाचची मोटर, साडेसातची मोटर म्हणतो, त्यातल्या 'हॉर्सपॉवर'चा घोडा खरा का?

जुनी पोथी | दुपारी ३:२०

खरीप-रब्बी, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देताना पद्धतही सांगता येईल.

१७८६ साली विल्यम जोन्सनं कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच लुप्त भाषेतून निघाल्या असाव्यात असं मांडलं. पुढं १८२२ मध्ये याकोब ग्रिमनं ध्वनी कसे बदलले त्याचे नियम मांडले. संस्कृतात 'प' आहे तिथं इंग्रजीच्या कुळात 'फ' येतो : पाद–फूट, पितृ–फादर. म्हणजे खरं नातं असलेले शब्द पुष्कळदा सारखे ऐकूच येत नाहीत, आणि सारखे ऐकू येणारे पुष्कळदा परके निघतात. 'बैल' आपल्याकडं प्राकृत 'बइल्ल'मधून आला, मागं संस्कृत 'बलीवर्द'. इंग्रजी 'बुल' उत्तर युरोपातल्या 'बोली'कडं जातो आणि त्याचं मूळ बहुधा 'फुगणे' या अर्थाच्या धातूत आहे. दोघांचा संबंध नाही.

'बल' या शब्दावर मात्र अभ्यासकांत खराच वाद आहे. एक मत असं की लॅटिन 'देबिलिस', म्हणजे बळ गेलेला, यात आपलाच 'बल' आहे. त्यातून इंग्रजीत 'डेबिलिटी', अशक्तपणा, आला. रशियन 'बोल्शोय', म्हणजे मोठा, हाही त्याच धातूचा, आणि त्यावरून 'बोल्शेविक'. दुसरं मत असं की 'बल' द्रविड भाषांतून संस्कृतात आला. तमिळमध्ये 'वल्' म्हणजे बळकट आणि 'वलिमै' म्हणजे सामर्थ्य. उदगीर-देगलूरकडच्या, कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेल्या माणसाला हे दुसरं मत ऐकून नवल वाटणार नाही. मी स्वतः दुसऱ्या मताकडं झुकतो, कारण त्या लुप्त भाषेत, म्हणजे मूळ भारोपीय भाषेत, 'ब'नं सुरू होणारे शब्द फारच विरळ आहेत.

आता वाद नसलेली दोन नाती सांगतो. पहिलं 'पॉवर'. लॅटिनमध्ये 'पोटिस' म्हणजे समर्थ, धनी. तो आणि आपला 'पति' एकच. त्यातून 'पोटेंट', 'पॉसिबल' आणि फ्रेंचमार्गे 'पॉवर'. म्हणून पॉवरमध्ये अंगबळ नाही, धनीपण आहे, एखादी गोष्ट घडवून आणण्याचा अधिकार आहे. ग्रीकांनी घराच्या धन्याला 'देस्पोटेस' म्हटलं. वेदात त्याला 'दम्पति' म्हणतात. यातला 'दम' म्हणजे घर (वर आलेला फारसी दम वेगळा), लॅटिनचं 'दोमुस'. आपल्याकडं दम्पति म्हणजे नवरा-बायको झाले आणि इंग्रजीत 'डेस्पॉट' म्हणजे जुलमी राजा झाला.

दुसरं 'वीर'. लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष, त्यातून 'व्हर्च्यू', जो आधी पराक्रम होता आणि नंतर सद्गुण झाला. जुन्या इंग्रजीत हाच 'वेर' होता. 'वर्ल्ड' या शब्दाचा पूर्वार्ध तोच आहे, वेर आणि वय, माणसाचं युग.

घोड्याचं उत्तर कुणी यंत्रातला जाणकार देईल.

ओवा-सुंठ | सायंकाळी ५:०२

पोथीसर, 'व्हर्च्यू' वाचून राहवलं नाही. मी परळीकडचा, पेशानं वैद्य. जुन्या इंग्रजी वनस्पतीग्रंथांत औषधीच्या गुणाला 'व्हर्च्यू' म्हणत, अमुक मुळीची व्हर्च्यू अमुक. आपण तिथं काय म्हणतो? वीर्य. सुंठ उष्ण वीर्याची, आवळा शीत वीर्याचा. वीरापासून वीर्य आणि विरपासून व्हर्च्यू, दोन्ही माणसाच्या पराक्रमावरून निघून झाडपाल्याच्या अंगातल्या ताकदीपर्यंत पोचले. मध्ये हजारो मैल आणि हजारो वर्षं, तरी वाट एकच धरली. मला हे फार विलक्षण वाटतं.

दुसरा आमचा शब्द 'ओज'. ज्या धातूतून संस्कृत 'ओजस्' आणि 'उग्र' आले, त्यातूनच लॅटिन 'आउगेरे', वाढवणे. त्यातून 'ऑगमेंट'. ऑगस्टस ही पदवीही त्यातलीच, तिच्यावरून ऑगस्ट महिना. 'ऑक्शन'ही तोच, कारण लिलावात बोली वाढत जाते. मोंढ्यात तुरीच्या ढिगाभोवती उभं राहून अडते बोली वाढवतात, त्या प्रकाराचं इंग्रजी नाव आणि आयुर्वेदातलं ओज हे सगोत्र आहेत.

'व्हिगर'चंही सांगतो. त्याच्या धातूचा अर्थ जागं, तरतरीत असणे. त्यातूनच 'व्हिजिल', जागता पहारा, आणि 'व्हेजिटेबल', म्हणजे मूळ अर्थानं वाढणारं, जिवंत. संस्कृतात याच कुळात 'वाज' आहे, बळ आणि वेग. वाज असलेला तो वाजी, घोडा. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचं नाव 'वाजीकरण' आहे ते यावरून. म्हणून ताई, 'व्हिगरस'चा अर्थ पोरांना 'जोमदार' असा सांगा. पीक जोमदार असतं, भिंत जोमदार नसते.

चाळणी | रात्री ८:१०

सगळे प्रतिसाद आवडले, तरी विरोधाचा एक मुद्दा मांडतो. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. मूळ शिकवून मुलं उलट चुकायची भीती आहे. ताईंच्याच यादीतला 'स्टर्डी' घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'भोवंडलेला, बेभान' या अर्थाचा होता. इंग्रजीत आल्यावर आधी दांडगट, हट्टी असा झाला आणि आज आपण 'स्टर्डी टेबल' म्हणतो. टेबल भोवंडलेलं आहे का? 'फीबल' म्हणजे दुर्बळ, तो लॅटिनच्या 'रडण्याजोगा' या शब्दातून आला. 'कम्फर्ट'मध्ये 'फोर्टिस', म्हणजे बळकट, बसलाय. 'फोर्ट', 'फोर्स', 'एफर्ट' हे त्याचे भाऊ. कम्फर्टचा मूळ अर्थ बळ देणे, धीर देणे. आज थंडीत पांघरायच्या रजईला कम्फर्टर म्हणतात, तिथं बळाचा मागमूस नाही. परीक्षेतल्या पोराला हे सगळं सांगून त्याचा वेळ का घ्यायचा? वाक्यं वाचू द्या, शब्द कुणाबरोबर येतो ते पाहू द्या. तेवढं पुरे.

मांजराकाठ | रात्री ९:३५

चाळणी, 'मूळ म्हणजे अर्थ नव्हे' हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच वर 'बऱ्याचदा' म्हटलं. 'स्टर्डी' मी मुळावरून शिकवत नाही, वापरावरून शिकवते : चार पाय जमिनीवर घट्ट टेकलेली, डगमगत नाही अशी वस्तू किंवा माणूस. वाक्यं तर वाचायलाच हवीत.

पण नुसती वाक्यं वाचून शब्द कळायला पुष्कळ वाचावं लागतं. आमच्या पोरांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, गावात वाचनालय असेल तर त्यात इंग्रजी पुस्तकं नसतात. त्यांच्याजवळ जे आधीच आहे ते म्हणजे बाभळीचा गाभा, बेटकुळी, मोंढ्यातली बोली, जोर आणि दम. त्यावर शब्द बसवला की तो बसून राहतो. 'कम्फर्ट'चंच बघा. मूळ माहीत असलेली मुलगी 'शी कम्फर्टेड द विडो' हे वाक्य वाचून गादी-उशीकडं जात नाही, धीर दिला हे तिला लगेच कळतं.

आणि खरं सांगायचं तर केवळ गुणांसाठी मी हे शिकवत नाही. आपली बोली गावंढळ आहे असं ऐकत ही पोरं मोठी झालीत. त्यांच्या तोंडातल्या शब्दांचे भाऊबंद लॅटिन-ग्रीकमध्ये बसलेले आहेत, हे त्यांना कळायलाच हवं.

मुरूम-खडी | रात्री ११:०५

मी साइटवरचा माणूस. आधी घोड्याचं उत्तर देतो. घोडा खरा. जेम्स वॉटला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकं घोड्यांवर कामं करवून घेत होती. म्हणून त्यानं घोड्याच्या कामाशी तुलना बांधली : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आजच्या मापात एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट, म्हणजे खरीप-रब्बींची पाचची मोटर साधारण ३,७३० वॅटची. 'वॅट' हे मापाचं नावही त्याच माणसाचं.

आता ताईंच्या मूळ मुद्द्यावर. आमच्या धंद्यात हे शब्द एक मानले तर माणसं मरतात. 'हार्ड', 'स्ट्राँग' आणि 'टफ' ही तीन वेगळी मापं आहेत. हार्ड म्हणजे ओरखडा पडत नाही, खड्डा पडत नाही. स्ट्राँग म्हणजे मोडण्याआधी किती ताण घेतो. टफ म्हणजे तुटण्याआधी किती ऊर्जा पोटात घेतो, वाकतो, ताणला जातो, पण सोडत नाही. काच हार्ड आहे, टफ नाही. काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्यूब २८ दिवसांनी मशीनमध्ये ठेवतो. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल तर चौरस मिलिमीटरला किमान २० न्यूटन तरी त्यानं पेलायला हवेत. काटा वर वर जातो, क्यूबवर काही दिसत नाही, आणि मग एकदम फट् आवाज होऊन कडा उडतात. दाबाखाली तो स्ट्राँग आहे, पण वाकणं त्याला माहीत नाही. म्हणून त्यात सळई घालतो. सळई ओढली जाते, लांबते. 'डक्टाइल' हा शब्दच लॅटिनमधल्या ओढणे, नेणे या अर्थाच्या क्रियापदातून आलाय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं झोपेत. भूकंपात किल्लारी आणि आजूबाजूची गावं गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. ती घरं कच्ची नव्हती. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आपले वाडवडील त्यांना मजबूत म्हणायचे आणि वरून येणाऱ्या वजनापुरते ते खरंच होतं, पिढ्यान् पिढ्या त्या भिंतींनी माळवदाची माती पेलली. पण भिंत दोन पदरांची, आतला पदर आणि बाहेरचा पदर, मध्ये भर, सांधे मातीचे. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन आडवी हलली तेव्हा पदर सुटे झाले आणि माळवद खाली आलं. भिंती स्ट्राँग होत्या, टफ नव्हत्या. त्यानंतर जी घरं बांधली त्यात दाराच्या वरच्या पातळीला सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा घातला, तो भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवण्यासाठी. भिंत जाड करून हे साधत नाही.

'टफ'चं मूळ मला माहीत नाही. पण आमच्याकडं त्याला चांगला शब्द आहे, चिवट.

जुनी पोथी | रात्री ११:४०

मुरूम-खडी, तुम्ही मुळाशीच पोचलात. 'टफ' हा इंग्रजीच्या जुन्या घरचाच शब्द. जर्मनमध्ये 'त्सेह'. मूळ अर्थ चिकटून राहणारा, न सुटणारा. चिवट हे त्याचं नेमकं मराठी आहे. आपण 'चिकाटी' म्हणतो तेव्हाही तीच कल्पना असते, चिकट आणि चिकाटी. किल्लारीबद्दल तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक वर्गात वाचलं जायला हवं.

हिमरू | सोमवार, सकाळी ७:५०

पैठणच्या बाजूची. घरात हातमाग होता, आता मावशीकडं आहे. कुणी 'स्टॅमिना' कसा काढला नाही? लॅटिनमध्ये 'स्तामेन' म्हणजे मागावरचा उभा धागा, आणि अनेक असले की 'स्तामिना'. आपण ताणा म्हणतो तोच. ताण्याचे धागे आधी लावायचे, सगळे एका ताणावर, मग त्यातून बाणा आडवा फिरवायचा. पैठणीच्या काठाची, पदराची सगळी नक्षी बाण्यात असते, लोक तेवढीच बघतात. ताणा कुणाला दिसत नाही. पण फणीचा प्रत्येक ठोका ताणा सोसतो, आणि एक धागा तुटला की हात थांबवून गाठ मारावीच लागते, नाहीतर खालपर्यंत रेघ जाते.

रोमन लोक समजत की प्रत्येकाच्या आयुष्याचा धागा दैवाच्या देवता कातून ठेवतात. ज्याचा धागा चिवट त्याचं आयुष्य लांब. त्यावरून स्टॅमिना म्हणजे जन्मजात टिकाव, आणि मग दम. फुलातल्या पुंकेसराला 'स्टेमेन' म्हणतात तो हाच शब्द. मूळ धातू 'उभा राहणे', म्हणजे आपला 'स्था'.

लाल माती | सकाळी ८:२०

ताणा म्हणजे दम. आता तालमीत पोरांना हेच सांगणार.

खरीप-रब्बी | सकाळी ९:१५

घोड्याचं समजलं, धन्यवाद. आता 'डायनामाइट' सांगा. विहिरीचा खडक फोडायला सुरुंग लावायचे तेव्हा हा शब्द लहानपणापासून कानावर हाय.

जुनी पोथी | सकाळी १०:०५

ग्रीक 'द्युनामिस' म्हणजे सामर्थ्य, करू शकण्याची क्षमता. त्यावरून आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये आपल्या स्फोटकाला डायनामाइट नाव दिलं. 'डायनॅमिक', 'डायनामो' आणि राजघराणं या अर्थाचा 'डायनॅस्टी' त्यातलेच. पण खरी गंमत तुमच्या दुसऱ्या शब्दात आहे. 'सुरुंग' संस्कृतात 'सुरुङ्गा' म्हणून आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही येतो, आणि तो ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे नळी, भुयार, यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. दवाखान्यातली 'सिरिंज' त्याच शब्दाची. म्हणजे तुमच्या विहिरीत सुरुंगही ग्रीक आणि डायनामाइटही ग्रीक. एक दोन हजार वर्षांपूर्वी आला, दुसरा इंग्रजांबरोबर.

ग्रीकांचा आणखी एक शब्द शेतकऱ्याला सांगण्यासारखा आहे. 'एर्गोन' म्हणजे काम. काम ज्याच्या आत आहे ती 'एनर्जी'. अ‍ॅरिस्टॉटलचा हा शब्द १८०७ मध्ये थॉमस यंगनं पदार्थविज्ञानात आजच्या अर्थाच्या जवळ आणला. हाताचं काम करणारा तो 'सर्जन', आणि 'गे' म्हणजे भूमी, तिच्यावर काम करणारा तो 'जॉर्ज'. इंग्लंडच्या इतक्या राजांचं नाव खरं म्हणजे 'शेतकरी' आहे.

वनरक्षक व्हायचंय | दुपारी १२:४०

मी ताईंकडंच येते. धागा मैत्रिणींना पाठवला. एक शंका. आमच्या नोट्समध्ये 'रोबस्ट'च्या शेजारी 'रोबोट' लिहून 'दोन्ही एकाच मुळातले, मजबूत यंत्रमानव' असं दिलंय. बरोबर आहे का? आणि 'एनर्व्हेट' म्हणजे एनर्जी देणे ना?

मांजराकाठ | दुपारी २:१०

दोन्ही चूक, दोन्ही खोडून टाक.

'एनर्व्हेट' म्हणजे शक्ती काढून घेणे, गळून जायला लावणे. लॅटिनमध्ये 'नेर्वुस' म्हणजे स्नायूची शीर, कंडरा. ती काढून टाकली की उरतो तो एनर्व्हेटेड. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनला आपल्याकडचं ऊन जे करतं ते. एनर्जीशी त्याचा संबंध नाही आणि परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो.

'रोबोट' लॅटिन नाहीच. तो १९२० च्या एका चेक नाटकातून जगभर गेला. चेकमध्ये 'रोबोता' म्हणजे सक्तीची मजुरी, जमीनदारासाठी कुळांनी फुकट राबणं. आपल्या भाषेत वेठबिगारी. त्याच्या मागं स्लाव भाषांतला 'गुलाम' या अर्थाचा शब्द आहे, आणि त्याच्याही मागं जो धातू आहे त्याचा अर्थ पोरकं होणे. त्यातूनच ग्रीकमार्गे 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, आणि संस्कृतात 'अर्भ', म्हणजे लहान, दुबळं. आपला 'अर्भक' तोच. नोट्सच्या त्या ओळीत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन शब्दांपैकी एक बळाचा आहे आणि दुसरा ज्यांच्याजवळ बळ नव्हतं त्यांचा.

संध्याकाळी येताना त्या नोट्स घेऊन ये. हिमरू यांचा ताणा आणि मुरूम-खडींचं किल्लारी वर्गात वाचू, मग आपण ती ओळ सगळ्यांनी मिळून नव्यानं लिहू. प्रत्येक शब्दापुढं वेगळा मराठी शब्द हवा, आणि 'मजबूत' फक्त एकदाच.